आढ्यावरची कोमाद्रे

उंदीर पीठ खातो याचं दुःख नसतं. एवढुसं पोट, खाऊन खाऊन खाईल किती? तो पिठात मुततो, याचं दुःख. तसली गोणी बाजारातून परत येते आणि मग महिनाभर नदीकाठची माणसं विचारतात, "काय दोमिंगास, या खेपेला मीठ घरूनच घालून पाठवलं होतंस का?" म्हणून तुकुमात, म्हणजे आमच्या या नदीकाठच्या गावात, ज्याच्या घरी कसाव्याच्या कंदाचं पीठ भाजतात त्याच्या आढ्यावर एक जिबोया असतेच. अजगराच्याच जातीतली, पण अंगाने बेताची. मांजर पाळलं तर ते मासे चोरतं आणि वर आपल्यालाच नाक मुरडतं. जिबोया काही मागत नाही. करवंटीभर पाणी आणि कौलांखालची ऊब, बस.

दोमिंगासच्या कोठारातली जिबोया अकरा वर्षांची होती. आणली तेव्हा अंगठ्याएवढी जाड, आता पोटरीएवढी, आणि लांबीला सहा हात. पोरासोरांनी तिला गळ्यात घालावं. जड, कोरडी, गार. मानेला एक वेढा, काखेखालून दुसरा, आणि मग तुमच्या कानामागे डोकं टेकून स्वस्थ. कामेता शहराहून लाँचने येणारे पांढऱ्या कपड्यांतले लोक तिला पाहून किंकाळ्या मारत. जन्मात जी कुणाला चावली नाही तिला भ्यायचं, आणि जे रोज माणसं खातात त्यांच्यापुढे टोपी काढायची. शिकलेली माणसं, दुसरं काय!

पंधरावीस दिवसांतून ती एकदा खायची. उंदीर, वटवाघूळ, कधी मुकुरा, म्हणजे मांजराएवढा, घुशीसारखा प्राणी. आधी दिवसभर एका जागी, जीभ तेवढी आत-बाहेर. मग एकच झडप, दोन वेढे, आणि सगळं शांत. हाडं मोडायची नाहीत, चेचायचं नाही. नुसतं धरायचं. धरलेल्याच्या छातीतले ठोके तिला अंगाने कळतात. ठोके चालू आहेत तोवर ती धरून राहते, थांबले की सैल होते, आणि मग डोक्याकडून गिळायला घेते. अकरा वर्षांत तिने ठोके चालू असलेलं काही गिळल्याचं दोमिंगासने पाहिलं नव्हतं. गिळल्यावर आठवडाभर तिला उचलायचं नाही, नाहीतर ओकते. पोटातला उंचवटा हळूहळू बसत जातो.

"सासूबाई, तुमच्या जिबोयाचा स्वभाव तुमच्याहून बरा," सिरिलो म्हणायचा. तो दोमिंगासचा जावई. ढोल वाजवायचा आणि तोंडही.

"ती पंधरा दिवसांत एकदा खाते रे. तू दिवसातून पाचदा. तुला आढ्यावर बांधते आणि तिला जावई करून घेते."

हसत-भांडत काम चालायचं. कंद किसायचे, कीस तिपितीत भरायचा. तिपिती म्हणजे वेताची विणलेली लांब नळीसारखी पिशवी. वरचं टोक तुळईला अडकवायचं, खालच्या टोकात दांडा घालून त्यावर बसायचं. ओढली की लांब होते, लांब झाली की आवळते, आणि आतलं पिवळं पाणी ठिबकायला लागतं. कसाव्याचं सगळं विष त्या पाण्यात. कच्चं पाणी कोंबडी प्यायली तर जागेवर आडवी होते. म्हातारी माणसं म्हणतात, तिपिती विणणाऱ्या पहिल्या बाईने ते जिबोयाकडे बघून शिकलं. नियम एकच: ठिबक थांबल्याशिवाय तिपिती सोडायची नाही. मध्येच सोडणाऱ्याने आपल्या घराला विष घातलं म्हणून समजावं.

दोमिंगासला एकच मुलगी, इरासी. चोवीस वर्षांची, आईपेक्षा वीतभर उंच. तिची दोन बाळं गेली होती. दोन्ही सातव्या दिवशी. दुपारी बाळ दूध ओढायचं थांबतं, जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपतं. तुकुमात त्याला 'सातवा' म्हणतात. 'सातवा येऊन गेला,' असं सांगतात, जसं एखाद्या पाहुण्याबद्दल सांगावं. लाँचवरचा डॉक्टर म्हणाला होता, सातवा-बितवा काही नाही, नाळ कापायचं पातं घाणेरडं असतं. दोमिंगासने वाद घातला नाही. तिने नवी कात्री घेतली आणि ती उकळण्यासाठी एक भांडं वेगळं काढून ठेवलं. ती काही वेडी बाई नव्हती.

जूनमध्ये संत जुआंवचा सण आला तेव्हा इरासीला सातवा महिना होता. सातवा, हेसुद्धा बायकांनी बोटांवर मोजून घेतलं. ऊन कलताच नदीकाठी जाळ पेटले, मक्याची कणसं भाजायला लागली, सिरिलोचा ढोल सुरू झाला. या जाळाभोवती हात धरून तीन फेऱ्या मारायच्या आणि मोठ्याने म्हणायचं, 'आजपासून तू माझी कोमाद्रे.' म्हणजे येणाऱ्या बाळाची धर्मआई. रक्ताचं नातं माणसं तोडतात, पण जाळाचं तुटत नाही. कोमाद्रेशी खोटं बोलायचं नाही, तिच्यावर हात उचलायचा नाही, आणि कसलीही वेळ असो, तिच्या तोंडावर दार लावायचं नाही.

इरासी जाळापाशी उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

हर्मिनिया दुकानदाराची बायको. पहिल्या बाळाची धर्मआई तीच व्हायची होती. सिरिलो म्हणाला, "हर्मिनियाबाई, चला, द्या हात."

"माझे पाय दुखतात रे बाबा."

"आत्ता तर नाचत होता!"

"नाचूनच दुखतात."

दुसरीचा हात पोळला होता. तिसरीला उद्याच नदीवर वरच्या अंगाला जायचं होतं. चौथी कणीस सोलायला लागली, जणू त्या कणसावाचून सगळं गाव उपाशी मरणार होतं. भित्र्या बायका! दोन बाळं गेली म्हणून तिसऱ्याला नाव द्यायला भ्यायल्या. आणि याच बायका रविवारी छातीवर क्रूस काढून दुसऱ्याचं दुःख वाटून घ्यायच्या बाता मारणार.

इरासीचा हात तसाच पुढे होता. रिकामा.

दोमिंगासने तो हात पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. ती तडक कोठारात गेली आणि जिबोयाला खांद्यावर टाकून परत आली.

"तुमच्यात एक बाई निघाली नाही ना? बरं. माझ्या घरात आहे एक. हिने कधी कुणाचा चावा घेतला नाही, कुणाची चहाडी केली नाही, आणि हिला पायच नाहीत, दुखणार कुठून?"

गाव हसून हसून लोळलं. इरासीसुद्धा हसली, डोळे भरलेले असतानाच. तिने जिबोयाची शेपटी हातात घेतली, हात धरतात तशी. मायलेकी जाळाभोवती फिरल्या, एक फेरी, दोन, तीन. सिरिलोने वर्‍हाडाचा ताल धरला. तिसऱ्या फेरीला इरासी मोठ्याने म्हणाली, "आजपासून तू माझी कोमाद्रे!" जिबोयाने मान लांब केली आणि इरासीच्या पोटावर जीभ फिरवली.

एक वेनांसिया तेवढी हसली नाही. ती सुईण, गावातली सगळ्यात म्हातारी.

"जाळापुढे बोललात," ती म्हणाली. "आता निस्तरा."

दुसऱ्या दिवसापासून जिबोयाने खाणं सोडलं.

पहिले पंधरा दिवस दोमिंगासच्या ध्यानातही आलं नाही. कात टाकायच्या आधी ती खात नाहीच. पण त्या वेळी तिचे डोळे दुधाळ निळे होतात. आता डोळे लखलखीत होते. महिन्याने एक उंदीर तिच्या अंगावरून चालत गेला आणि तिने मानसुद्धा फिरवली नाही. दोमिंगासने मुकुरा पकडून समोर सोडला. तो पळाला. जिबोया पाणी प्यायची आणि इरासीच्या निजायच्या झोळीकडे तोंड करून पडून राहायची. झोळी ओसरीवर टांगली तरी तिकडे, परसात टांगली तरी तिकडे. मधे भिंत असली तरी.

"कोमाद्रे उपास करते आहे," सिरिलो म्हणाला. "मी तिच्या वाटचंही खाऊ का?"

"तू खातोच आहेस."

ऑगस्टच्या शेवटी, भर सकाळी, मुलगी झाली. वेनांसियाने दोनदा उकळलेल्या कात्रीने नाळ कापली. बाळ असं रडलं की पलीकडच्या काठावरचे पोपट उडाले. सातवा दिवस टळेपर्यंत नाव ठेवायचं मात्र कुणी काढलं नाही. दोमिंगास अंगडं आणायला गेली. बाळाच्या कपड्यांची पेटी तिने स्वतः झाकण लावून दोरीने बांधली होती. दोरी सोडली, झाकण उघडलं, आणि वरच घडी घातल्यासारखी ठेवलेली होती जिबोयाची कात. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि हाताला कोमट.

पहिलं अंगडं धर्मआईने द्यायचं असतं.

"उंदरांनी ओढून नेली असेल," दोमिंगास म्हणाली.

"आणि दोरी परत बांधली," वेनांसिया म्हणाली. "गुणाचे हो तुमचे उंदीर."

सहा दिवस बाळ भरपेट दूध प्यायलं. सातव्या दिवशी दोमिंगासने रिवाजाप्रमाणे दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. आत ती, आणि बाळाला घेऊन झोळीत बसलेली इरासी. बाहेर उंबऱ्यावर सिरिलो, ढोल पालथा घालून. कौलांच्या एका भोकातून उन्हाची दोरी जमिनीवर पडली होती. ती सरकत सरकत खोलीच्या मधोमध आली.

दुपारी बाळाने स्तन सोडला.

इरासीने पुन्हा तोंडाला लावला. ओठ उघडले नाहीत. तिने बोटाने हनुवटी दाबली.

"आई. घट्ट झालीय गं."

त्याच वेळी बाहेरून सिरिलो बोलला. आवाजात मस्करी नव्हती.

"सासूबाई. कोमाद्रे आलीय. दारात."

अकरा वर्षांत जिबोया कोठाराबाहेर स्वतःहून कधी आली नव्हती.

"हाकल तिला."

"कोमाद्रेला?"

दोमिंगासने कोयता उचलला. तिला जिबोयाचा स्वभाव माहीत होता, पण जिबोयाचं पोटही माहीत होतं. झोळीतलं बाळ मांजराएवढ्या मुकुऱ्याहून फार मोठं नव्हतं.

"किती दिवस झाले तिला खाऊन?" इरासीने विचारलं.

"पंचाहत्तर."

इरासी बाळाकडे बघत राहिली. पाठ ताणली जायला लागली होती. तो ताण तिने दोनदा पाहिला होता. तिसऱ्यांदा ओळखायला काय वेळ लागतो?

"दार उघड, आई. तिच्या तोंडावर दार लावायचं नाही असं मी जाळापुढे बोलले आहे. आणि गावातून दुसरं कोण येणार आहे?"

दोमिंगासने दार उघडलं.

जिबोया आत आली, आणि दोमिंगासने दार पुन्हा लावलं. घाई नाही. खांबावर चढली, झोळीच्या दोरीवरून उतरली आणि इरासीच्या मांडीवरून बाळापाशी पोचली.

दोमिंगासने कोयता वर धरला होता.

जिबोयाने बाळाच्या छातीवर हनुवटी टेकली. ऐकत राहिली.

मग तिने डोकं उचललं. बाळाच्या पाठीमागे, झोळीच्या रिकाम्या बाजूला वळवलं.

आणि झडप घातली.

तिथे काही नव्हतं.

वेढे पडले. एक. दोन. तीन. ते एकमेकांना टेकत नव्हते. मधे मुठीएवढी, मग वीतभर जागा राहिली होती, आणि त्या जागेतून झोळीचं पलीकडचं विणकाम स्वच्छ दिसत होतं. वेढे आवळले. जागा कमी झाली नाही.

झोळी हलायला लागली.

खाली टप असा आवाज झाला. पुन्हा टप. पिवळं पाणी. त्या दिवशी घरात एक कंद किसलेला नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाची दोरी भिंतीवर चढली. ठिबक चालूच होती. मग झोळीला एकदम इतका जोराचा हिसका बसला की खांब करकरला, आणि जिबोयाने, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, ठोके थांबायची वाट पाहिली नाही. जबडा उघडला, उघडतच गेला. घसा फुगला. आतून काहीतरी खाली सरकत गेलं, आणि ते जात असताना जिबोयाची कातडी जागोजाग बाहेर टोचल्यासारखी होत होती.

बाळ रडलं.

असं रडलं की सिरिलो दारासकट आत पडला. इरासीने बाळाला छातीशी धरलं आणि ते चुटूचुटू ओढायला लागलं. पडल्या जागी उताणा सिरिलो हसत होता, रडत होता, नाक पुसत होता. "पितेय! सासूबाई, बघा, माझ्यासारखी पितेय!" उघड्या दारातून शेजाऱ्याची कोंबडी आत शिरली, झोळीखालच्या पिवळ्या पाण्यात तिने चोच बुडवली आणि दोन पावलांवर आडवी झाली.

दोमिंगासने राख टाकून ते पाणी सारवलं. मग जिबोयाला, कधी उचलू नये अशा वेळी, दोन्ही हातांनी उचलून कोठारात नेऊन ठेवलं. ती ओकली नाही.

गावाने मोजदाद केली. पिवळं पाणी प्यायलेली ती कोंबडी सोडली, तर एकूण एक कोंबडी, डुक्कर, पिल्लू जागेवर होतं. मग तिने खाल्लं काय? हर्मिनिया म्हणाली, गाभण असेल, जिबोया अंडी घालत नाही, पिल्लंच देते. असेलही. डॉक्टर म्हणाला, कात्री उकळली ना, मग झालं तर. तेही असेल. मुलीचं नाव बेनव्हिंदा ठेवायचं ठरलं. म्हणजे, भली आलीस.

नोव्हेंबरात फादरची लाँच आली आणि बेनव्हिंदाचा बाप्तिस्मा झाला. फादरने वही उघडून विचारलं, "धर्मआईचं नाव?"

"मारिया," दोमिंगास म्हणाली.

"कुठली मारिया?"

"दो तेल्यादो," सिरिलो म्हणाला. म्हणजे कौलांवरची. "उंच घराण्यातली आहे, फादर."

"मग आहे कुठे ती?"

सिरिलोने गंभीरपणे बोट आकाशाकडे केलं. "वर."

"अरेरे. देव तिला शांती देवो," फादर म्हणाले, आणि लिहून घेतलं. मागे उभ्या असलेल्या अर्ध्या गावाने रुमाल तोंडात कोंबले.

जेवण पिठाच्या कोठारातच. पिवळं पाणी उकळून उकळून निर्विष केलेलं, त्यात शिजवलेलं बदक, वर ताजं पीठ. पाय दुखणारी हर्मिनिया तीन तास नाचली. बेनव्हिंदा हातोहात फिरत होती, गुबगुबीत, ज्याचं त्याचं बोट धरणारी. सिरिलोने आढ्याला कागदी पताका लावल्या होत्या आणि जिबोयाच्या मानेशी लाल फीत बांधली होती. तो ढोल असा बडवत होता की कौलांतून धूळ गळत होती.

दोमिंगास करवंटीत पाणी घेऊन शिडीवर चढली. जिबोया तशीच पडून होती. दहा आठवडे झाले होते. कुठलंही खाणं आठवड्यात बसतं. हा उंचवटा होता तेवढाच होता. आणि जिबोयाचं अंग, उरलेलं सगळं अंग, त्या उंचवट्याभोवती घट्ट गुंडाळलेलं होतं.

"पी, कोमाद्रे," दोमिंगास म्हणाली. "तुझ्या पोरीचा दिवस आहे." आणि तिने प्रेमाने तिथे हात ठेवला.

तळव्याखाली ठोके लागले. ढोलाचे. तुळईसुद्धा त्या तालावर हलत होती. दोमिंगासला हसू आलं.

खाली सिरिलोने टिपऱ्या टाकल्या आणि ओरडला, "अरे, वाजवणाऱ्याला कुणी बदक द्याल की नाही?"

ढोल थांबला. तळव्याखालचं थांबलं नाही.

दोमिंगासने हात काढला नाही. खाली बेनव्हिंदा खदखदून हसत होती. दोमिंगास वाकली, जिबोयाच्या डोक्यापाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"सोडू नकोस हं."